मी कॅरिअर आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत सिकलसेलची तपासणी. आठवी ते दहावीच्या पोरी रांगेत, सुई पाहूनच निम्म्या रडायच्या बेतात. उपकेंद्राच्या सिस्टर म्हणाल्या, मॅडम, आधी तुम्ही द्या, मग ह्या देतील. दिलं. बोटाला टोचलं, थेंब घेतला, झालं. पोरी लगेच शहाण्या.

दुपारून आठवीचे इंग्रजी निबंध तपासले. मोठं होऊन काय व्हायचं. परत तेच, 'आय वॉन्ट टु मेक माय कॅरिअर इन पोलीस'. या शाळेत चौथं वर्ष माझं, दर वर्षी हीच चूक. फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. करिअरला शेवटी डबल ई. कॅरिअरला मधे डबल आर, अर्थ वाहून नेणारा, सायकलला मागे लावतात ते. म्हटलं, पोलिसात जाऊन सायकलचं कॅरिअर व्हायचं आहे का? हसल्या. पुढच्या निबंधात परत तेच लिहितील.

निखिलचा फोन. साक्षगंधात अंगठी घातली त्याला महिना झाला म्हणून. तेवढं बोलायला लाखांदूरच्या दुकानातून बाहेर रस्त्यावर आला होता. ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, त्यामुळे फोनवर मागे कायम इंजिनाचा आवाज. त्याच्या आईने ब्लाउजचं माप मागितलंय. लग्नाचा हॉल पवनीचा, फेब्रुवारीतला. बाबा बुकिंग करून आले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टर परत शाळेत. काही पोरींचं पुन्हा रक्त घ्यायचं, या वेळी दंडातून. नावं वाचली. शेवटी माझं.

माझं कशाला, म्हटलं. पहिल्या तपासणीत काहीतरी आलंय, पक्कं करायला भंडाऱ्याला पाठवावं लागतं, म्हणाल्या. घाबरू नका.

घरी सांगितलं नाही. बांधीत धानकापणी चालू आहे, आई दिवसभर मजूर बायांच्या मागे. आणि मला काय झालंय? वर्षभरात साधा तापसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आलं.

सिस्टरने उपकेंद्रात बोलावून सांगितलं. आधी खुर्ची दिली, पाणी दिलं.  म्हणाल्या, "तुम्ही पेशंट नाही मॅडम. कॅरिअर आहात. तुम्हाला काही होत नाही, औषध नाही, पथ्य नाही. फक्त लग्न ठरवताना मुलाची तपासणी करून घ्यायची."

आणि थांबल्या. माझ्या बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. साक्षगंधाला त्या आमच्याकडेच जेवल्या होत्या.

मी विचारलं, तोही असला तर? त्यांनी कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं. दोघं कॅरिअर असले तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारातला एक धोका. त्या मुलाला पूर्ण आजार. अंग दुखणं, रक्त कमी पडणं, वारंवार दवाखाना. एकच जण कॅरिअर असेल तर आजार कोणत्याच मुलाला नाही.

सगळं समजलं. शब्दाचा अर्थ तर मीच शिकवते. तरी बाहेर आल्यावर गाडीची चावी हातात घेऊन नुसती उभी. 

१४, संध्याकाळ

आईला सांगितलं. ती खळ्यावरून आली होती, डोक्याला फडकं तसंच. कॅरिअर म्हणजे काय विचारलं तिने. म्हटलं, मराठीत वाहक म्हणतात. ती म्हणाली, "वाहक? येष्टीतला?"

हसू आलं. तिलाही आलं. मग मी समजावून सांगितलं आणि ती हळूच ओसरीवर बसली. फडकं सोडून मांडीवर घेतलं आणि घडी करत राहिली.

बाबा दुकान बंद करून आल्यावर परत सगळं पहिल्यापासून. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, मिश्र वाण, संकरित वाण रोजचंच, त्यामुळे पटकन समजलं. म्हणाले, म्हणजे आमच्या दोघांपैकी कोणाकडून तरी आलं. आई म्हणाली, "आमच्या घरी कोणालेच असं नव्हतं." बाबा म्हणाले आमच्याही घरी नव्हतं.  लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघांना असं एकमेकांकडे बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. जशी कोणी चोरी केली आहे आणि कोणी ते सांगत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कोंढ्याहून मामा आला. हे स्थळ त्यानेच आणलेलं, म्हणून आईने सकाळीच फोन केला. त्याचं म्हणणं एकच. कोणाले काही सांगू नोका. सिस्टरच म्हणते ना का आजार नाही, मग बोंबलायचं कायले?

मी म्हटलं, निखिलची तपासणी करायला लागेल. मामा म्हणाला, "तपास कर म्हणशील तं ते इचारतील, काहून? मग काय सांगशील?"

बाबांनी मान डोलावली. म्हणजे त्यांनाही तेच वाटतं.

दुपारी नि.ला फोन केला. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, सगळं विसरले. म्हटलं, एक सांगायचं आहे, मी कॅरिअर आहे. तो म्हणाला, "मंग? मी कुठं नाही म्हणून राहिलो? लग्नानंतरबी शाळा चालू ठेव ना. आमच्या दिघोरीहून येणं-जाणं जमते."

किती प्रेमाने म्हणाला. आता तुमचं ऐकायला चुकलं असं कसं सांगू? बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

चार वर्षं पोरींना लाल पेनने गोल करून देते हा शब्द, आणि माझ्याच तोंडून निघाला तर त्याने दुसराच ऐकला.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटी लिहून पाठवलं. लांबलचक. सिकलसेल म्हणजे काय, कॅरिअर म्हणजे काय, मला काही त्रास नाही, पण तुमची तपासणी हवी. शेवटी लिहिलं, वाईट वाटून घेऊ नका.

निळ्या खुणा लगेच. उत्तर नाही.

दिवसभर नाही. मामाला कळलं तर माझं काय करेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार



संध्याकाळी दिघोरीहून फोन, बाबांना. नि.च्या आई. बाबांनी फोन कानापासून जरा लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, निखिलच्या एका चुलत काकाने, जो नागपूरला नोकरी करून आलाय, त्याने कॅरिअरचा अर्थ सांगितला. कोरोनात म्हणायचे ना, कॅरिअर म्हणजे ज्याला स्वतःला काही होत नाही आणि दुसऱ्याला लागतं. "आमच्या घरात आता लहान लेकरं हायेत, भाऊ. तुमची पोरगी चांगली हाय, पण आमी लेकरांले धोका नाही देऊ शकत. थांबवा."

बाबा म्हणाले, ताई, तसं नाही, ते लागत नाही. त्या म्हणाल्या, मग शिकलेला माणूस खोटं बोलतो का?

फोन बंद झाल्यावरही बाबा बराच वेळ तो कानाशी धरून होते.

तो अर्थ खोटा नाही ना पण. डिक्शनरीत तोही आहे. रोग पसरवणारा, स्वतः न आजारी पडणारा. एकाच शब्दाचे सगळे अर्थ, आणि त्यांनी जो उचलला त्यात मी सगळ्या घराला बाधा करणारी बाई झाले. त्यांना कसं सांगू की माझा अर्थ दुसरा आहे. फळा घेऊन जाऊ का दिघोरीला?

नि.चा फोन लागत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत कळलं आहे. कसं कळलं माहीत नाही, पण कळलं आहे. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गणिताच्या बाई रोज माझ्या डब्यातली भाजी घेतात. आज म्हणाल्या, आज उपास आहे. बुधवारचा कसला उपास.

नंतर त्या खिडकीशी बसून चिवडा खात होत्या. मला दिसू नये म्हणून पाठ केली होती.

आठवीत तर याहून वाईट. ज्या पोरींचं दुसऱ्यांदा रक्त घेतलं त्यांना बाकीच्यांनी मागच्या बाकावर बसवलं आहे. त्याही गपचूप बसल्या. विचारलं तर एक म्हणाली, मॅडम, त्या कॅरिअर हायेत. तिच्या निबंधात मागे मीच तो शब्द दुरुस्त केला होता. आज अर्थाला अगदी बरोबर लावला तिने, काकाच्या अर्थाला.

धडा बाजूला ठेवला. समजावून सांगितलं, फळ्यावर आई-बाप-लेकरं काढून. आणि मग सांगितलं, मीही आहे.  मी माझी बाटली मागच्या बाकावरच्या एका पोरीला दिली, ती पाणी प्यायली, मी प्यायले. एवढंच सुचलं. मग धडा पुढे सुरू केला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निखिल आला होता. शाळेच्या फाटकाशी, जेवणाच्या सुट्टीत.  वाटलं, अंगठी परत मागायला आला.

समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. त्याने चहा सांगितला. मग म्हणाला, तुझा मेसेज मी खूप वेळा वाचला. उत्तर काहून नाही दिलं ते सांगतो.

त्याला बहीण होती. रूपाली. मला माहीत होतं की लहानपणीच गेली, कावीळ होऊन, असंच सांगितलं होतं साक्षगंधात. आता त्याने सगळं सांगितलं. थंडीत तिचे गुडघे सुजायचे. ती रात्र-रात्र रडायची आणि त्याचे बाबा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचे. डोळे पिवळे. भंडाऱ्याला नेऊन रक्त चढवायचे, चार दिवस बरी, परत तेच. कोणी तरी सांगितलं म्हणून बिब्ब्याचे डाग दिले होते तिला पाठीवर. पाचवीत होती गेली तेव्हा. त्याच्या आईला तेव्हापासून वाटतं की बाजूच्या घरातल्या जाऊबाईने, म्हणजे त्याच्या मोठ्या काकूने, करणी केली. भिंतीला भिंत आहे आणि बोलणं नाही.

"तू लिहिलं होतं ना, आजार झाला तं काय होते म्हणून," तो म्हणाला. "मी मोबाइलवर अजून शोधलं. वाचत गेलो अन्... सगळं रूपालीचंच होतं. गुडघे, डोळे, थंडी. सगळं तिचंच."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. साय धरली त्यावर.

रूपालीला पूर्ण आजार होता तर. म्हणजे त्याची आई कॅरिअर, वडील कॅरिअर, दोघंही. ज्या बाईने म्हटलं की घरात लेकरं आहेत, तिच्याच रक्तात. आणि तिला माहीतच नाही. कोणालाच माहीत नव्हतं. आणि तो? तोही असू शकतो. नसूही शकतो.

तो म्हणाला, काल लाखांदूरला तपासणीसाठी रक्त देऊन आलो. घरी कोणाला बोललो नाही.

 मी त्याच्यावर चिडायची तयारी करून बसले होते. सगळं कुठे गेलं कळलं नाही. त्याचा हात टेबलावर होता, त्यावर मी माझा हात ठेवला. टपरीवाला बघत होता. बघू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईनेही रक्त दिलं. न सांगता. सिस्टरकडे गेली आणि देऊन आली. मला सिस्टरकडूनच कळलं.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "माह्याकडून असल तं मले माहीत पाहिजे. तुह्या बापाले बोल नाही लागला पाहिजे."

आज गावात मंडईची जत्रा. सगळे दंडारीचा नाच-नाटक बघायला गेले. मी नाही. ढोलकीचा आवाज घरापर्यंत येतो आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

नि.चा फोन. तिसऱ्या तासाला आला, वर्गात होते, बाहेर येऊन घेतला.

"मी पण," म्हणाला.

बस. त्याने कॅरिअर हा शब्दही वापरला नाही.

मी वऱ्हांड्याच्या खांबाला धरून उभी. आत पोरी कविता म्हणत होत्या, मी सुरू करून दिली होती ती, थांबवायला कोणी नव्हतं म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या.

इतके दिवस मनातल्या मनात मी असंच समजत होते की त्याचं निगेटिव्ह येईल. कशावरून? काही नाही. असंच. देव एकाला देतो तर दुसऱ्याला वाचवतो, असं काहीतरी. शिकलेली म्हणवते स्वतःला.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, मग संपलं. हळू आवाजात म्हणाले, पण म्हणाले.

१ डिसेंबर, सोमवार

भंडाऱ्याला जाऊन आलो. दवाखान्यात, तज्ज्ञ डॉक्टरकडे. मी, बाबा, निखिल. आणि नि.ची आई.

त्या येतील असं वाटलं नव्हतं. नि. म्हणाला, मी घरी सगळं सांगितलं, माझं रक्त सांगितलं, आई म्हणाली मीही येते, मला ऐकायचंय. रस्ताभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बसमध्ये माझ्या बाजूची जागा रिकामी होती, तरी बाबांच्या मागे उभ्या राहिल्या. कोंढ्याला गर्दी चढली तेव्हा कोणी तरी ढकललं आणि बसावंच लागलं. बसल्या, पदर सावरून, अंग आखडून.

डॉक्टर तरुण होते. चांगलं समजावलं. लागत नाही, स्पर्शाने नाही, एका ताटात जेवून नाही. आईकडून एक येतं, बापाकडून एक येतं. दोन्हीकडून दोषाचंच आलं तर आजार. दोघं कॅरिअर असतील तर दर वेळी चारात एक. म्हणजे चार मुलांत एक असं नाही, दर वेळी नवीन चिठ्ठी उचलल्यासारखं. पोटात असताना तपासणी करता येते, नागपूरला. लग्न करू नका असं मी सांगणार नाही, माहिती असून ठरवा असं सांगतो, म्हणाले.

बाबांनी एक-दोन प्रश्न विचारले. नि.ने विचारले. 

मग नि.च्या आई बोलल्या. पदर तोंडाशी धरून. रूपालीचं सांगितलं, थोडक्यात. गुडघे, रक्त, थंडी. विचारलं, हेच होतं का?

डॉक्टर म्हणाले, तपासणी झाली नव्हती, पण बहुतेक हेच.

"म्हणजे माह्यातून गेलं तिले?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाले, तुमच्यातून आणि तिच्या बाबांतून, दोघांतून. चूक कोणाचीच नाही, तुम्हाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

त्यांनी मान हलवली. आम्हाला वाटलं झालं. मग त्या म्हणाल्या, "मंग माह्या जाऊबाईनं काय केलं होतं?"

  डॉक्टरांना तर जाऊबाई कोण तेही माहीत नव्हतं. नि. जमिनीकडे पाहत होता. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

परतताना बसमध्ये त्या आपणहून माझ्या बाजूला बसल्या. अड्याळ मागे पडलं. उतरायच्या आधी म्हणाल्या, "शेवटी शेवटी तिले मी खूप डाग दिले वं." आणि खिडकीकडे तोंड केलं.

घरी येऊन जेवले नाही. अजून कानात तेच.

३ डिसेंबर, बुधवार

नि.चा फोन. काल त्याची आई बाजूच्या घरी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंगणात जाऊन उभी राहिली, हाक मारली नाही. काकू बाहेर आली, पाहिलं. दोघी उभ्या. त्याच्या आईने म्हणे सांगितलं की रूपालीचं ते करणीचं नव्हतं, रक्ताचं होतं, डॉक्टर म्हणाला. काकूने ऐकून घेतलं. आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्याची आई परत आली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच.

मी म्हटलं, काकूचंही बरोबर आहे. तो म्हणाला, हो.

४ डिसेंबर, गुरुवार

आईचा रिपोर्ट. तीच. म्हणजे माझ्यात तिच्याकडून.

तिला वाईट वाटेल म्हणून मी आणि बाबा दोघंही घाबरून होतो. तिने ऐकलं आणि म्हणाली बरं झालं माहीत पडलं. मग चहा ठेवला. मग म्हणाली, "तुह्या बाबांतबी असतं तं तूबी कदाचित रूपालीसारखी झाली असती. आमी कोणाले इचारलं होतं? नशीब पाहिलं, पत्रिका पाहिली, झालं."

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि परत बाहेर गेले.

५ डिसेंबर, शुक्रवार

मामा आला. रागात नाही, थकलेला. म्हणतो, गोडीत मोडू. दोन्हीकडचा मान राखून. साकोलीकडे एक मुलगा आहे, आधी रक्त तपासू, मग बोलणी. त्याचं चुकत नाही. उलट पहिल्यांदाच त्याने आधी रक्त तपासू म्हटलं.

बाबाही त्याच मताचे. म्हणाले, बेटा, मी हॉलवाल्याला अजून नाही म्हटलं नाही. तू सांगशील तेव्हा सांगतो. पण मला वाटतं की सांगावं.

 मी आईला एकटी गाठून विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "तुमाले दोघाले माहीत हाय. माहीत असून एखाद्या लेकराले तसं रडवणं... मी नाही पाहू शकत. पण माहीत हाय म्हणून तुमी काही कराल, तपासाल, नाही तं नाही होऊ द्याल लेकरू. मले काही समजत नाही वं, मले नोको इचारू."

६ डिसेंबर, शनिवार

दिवसभर उलटसुलट.

बाजूने: त्याचं माणूसपण. तो शाळेच्या फाटकाशी आला, पळून गेला नाही. पोटात असताना तपासणी आहे. मूल नको असाही मार्ग आहे, दत्तक आहे.

विरुद्ध: नागपूरला जाऊन जर कळलं की आहे, तर मग काय? ते माझ्याच्याने होईल? आणि होऊ दिलं तर? अंगणात खांद्यावर घेऊन फिरवणारा बाप, डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि दुसऱ्या मुलाशी लग्न करून, ज्याचं रक्त साफ, त्याच्याशी संसार करताना मला कधी नि.ची आठवण येणार नाही का. हा प्रश्न डॉक्टरांना विचारता आला नसता.

चारात एक. गणिताच्या बाईंना विचारावं का, चारात एक म्हणजे किती मोठं असतं? (त्या परवापासून परत भाजी घेतात. त्यांनीच डबा पुढे केला.)

७ डिसेंबर, रविवार

पवनीला भेटलो. दोन्ही घरी सांगून. वैनगंगेच्या घाटावर बसलो, थंडी होती, ऊन चांगलं होतं.

तो म्हणाला, त्याने घरी सांगितलंय की लग्न केलं तर मूल नाही, किंवा दत्तक. त्याची आई काय म्हणाली?  उठून रूपालीचा फोटो पुसला आणि परत लावला. याचा अर्थ काय घ्यायचा ते त्यालाही कळत नाही. वडिलांनी म्हटलं की तुम्हीच ठरवा, मी दोघांच्याही बाजूने आहे, आणि मग शेतावर निघून गेले.

मी विचारलं, आणि पुढे कधी तुम्हाला स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर? दहा वर्षांनी?

तो लगेच नाही म्हणाला नाही. ते मला आवडलं आणि त्याचीच भीतीही वाटली. म्हणाला, "वाटल कदाचित. तवा काय करीन ते आज नाही सांगू शकत. खोटं कायले बोलू?"

मग मला विचारलं, तुले काय वाटते? मी खरं तेच सांगितलं, मले माहीत नाही. कधी वाटतं हो, कधी त्याच तासात वाटतं नाही. तो म्हणाला बरं. दुसरं काही नाही, बरं.

स्टँडवर आलो. त्याच्या लाखांदूरच्या गाडीची घोषणा झाली, गाडी लागली, माणसं चढली. तो चढला नाही. कंडक्टरने दोनदा विचारलं, येता का भाऊ. त्याने हाताने नाही म्हटलं. गाडी गेली. मी म्हटलं, पुढची कधी आहे ती बघा तरी. तो म्हणाला, येईल ना.

माझीही एक गाडी गेली. आम्ही बाकावर बसून शेंगा खाल्ल्या आणि रूपालीबद्दल बोलत राहिलो, आजाराचं नाही, इतर. तिला झोका खूप आवडायचा. बोरं आंबट असली तरी मीठ लावून खायची.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात सुतळीने पोती शिवत होते. मान वर न करता म्हणाले, काय ठरलं?

म्हटलं, नाही ठरलं बाबा. अजून नाही.

त्यांनी सुई थांबवली. मग म्हणाले, हॉलवाल्याला मी पुढच्या रविवारपर्यंत थांब म्हणतो.